दिशाच्या कॉम्प्युटरची यादी

“हा मदरबोर्ड नाही चालणार, आजोबा,” दिशा म्हणाली. “यावर ओव्हरक्लॉकिंग करताच येत नाही. प्रोसेसर पळायला तयार आणि बोर्ड म्हणतो, गप बस खाली.”

“ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते आधी नीट सांग. मागच्या वेळी तू सांगितलंस आणि मी नुसती मान डोलावली.”

“कंपनीने प्रोसेसरचा एक वेग ठरवलेला असतो ना, त्याच्याहून जास्त पळवायचा. तेवढ्याच पैशात जास्त काम.”

“मग तो तापणार.”

“तेच तर. म्हणून तर तू हवास.”

दहावी झालेली नात असं म्हणाल्यावर सहासष्ट वर्षांच्या माणसाची छाती फुगणारच, माझीही फुगली. एकतीस वर्षं मी अंधेरीतल्या एका ऑफिसच्या इमारतीच्या तळघरात एसीचा चिलर सांभाळला. वरच्या नऊ मजल्यांवर लोक गारव्यात बसायचे आणि खाली मी पंपांच्या आवाजात. सगळं नीट चालू असलं की माझं नाव कोणाला ठाऊक नसायचं. वर जरा उकडायला लागलं की लगेच, परब कुठे आहे म्हणून फोन. त्या विद्येचा घरात कधी कोणाला उपयोग झाला नव्हता. फ्रिज बिघडला तरी रत्नप्रभा, म्हणजे माझी बायको, मला विचारायच्या आधी कंपनीच्या माणसाला बोलवायची.

दिशा माझ्या मुलाची, राजेशची मुलगी. राजेश गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलेला मुलगा पाचव्या दिवशी गेला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. अक्षता, आमची सून, पुढे चार वर्षं आमच्याबरोबर मालाडलाच राहिली. मग तिच्या ऑफिसातल्या मिहिरने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती आमच्यासमोर बसून असं रडली की जणू चोरी करताना सापडली होती. मी म्हटलं, रडतेस कशाला, लग्न कर. नुसतं म्हटलं नाही, पाटावर बसून तिचं कन्यादान केलं. गावाहून चुलतभावाचा फोन आला, सून देऊन टाकलीस म्हणे. मी त्याला म्हटलं, सून नाही, मुलगी दिली. त्या उत्तरावर मी पुढे वर्षभर स्वतःवर खूश होतो.

पण मुलीबरोबर नात गेली. मुलुंड तसं काही परदेशात नाही, सव्वा तासात बस पोचते. तरी मी एकदाही तिकडे गेलो नाही. कन्यादान केलं की त्या मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, असं आमच्यातली जुनी माणसं पाळायची. मी एरवी काही पाळणारा नव्हे, पण एवढं मात्र घट्ट धरून बसलो, कारण मला तिथे जायचंच नव्हतं. राजेशच्या जागी दुसरा माणूस, कितीही चांगला असला तरी, मला बघायचा नव्हता. मग दिशाच आमच्याकडे यायची. आधी दर शनिवारी, मग महिन्यातून एकदा, मग सणासुदीला. आली की काय खाणार आणि अभ्यास काय म्हणतो, हे दोन प्रश्न झाले की आम्ही तिघं पंख्याचा आवाज ऐकत बसायचो. सोळाव्या वर्षातल्या मुलीशी काय बोलायचं असतं ते आम्हाला येत नव्हतं.

म्हणून मी कॉम्प्युटर कबूल केला. दहावीत चांगले गुण मिळाले तर गेम खेळायचा चांगला कॉम्प्युटर माझ्याकडून. फार भारी नाही, पण हौसेने पळवता येईल असा. गुण मिळाले. आणि जूनपासून दिशा दर शनिवारी अकराला यायला लागली, वहीत यादी घेऊन. दुपारी माशाचं जेवण, मग यादी, की पाचच्या बसने परत. प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, कूलर. आमच्या त्या दोन खोल्यांत राजेश गेल्यापासून एवढी बडबड झाली नव्हती.

पहिला महिना मी प्रामाणिक होतो, हे मला सांगितलंच पाहिजे. स्टेशनजवळच्या जयंतीभाईच्या दुकानात आम्ही दोघं गेलो, तेव्हा त्याने पाण्यावर चालणारा कूलर दाखवला. आत पातळ नळ्या, एक इवलासा पंप. दिशाचे डोळे चमकले.

“हा नको,” मी म्हटलं. “पंप म्हटला की तो एक ना एक दिवस जाणार. आणि तो गेल्याचं प्रोसेसर तापल्यावर कळणार. त्यापेक्षा तो मोठा पत्र्यांचा घे. पंखा गेला तर दिसतो तरी, आणि कोपऱ्यावर नवा मिळतो.”

जयंतीभाई हसला. “काका, तुम्ही अमारे धंद्यामधी पाहिजे होते. लोक फक्त लाइट बघतात.”

“बरोबर आहे तुझं,” दिशा म्हणाली आणि वहीतून पाण्याचा कूलर खोडला. कॅबिनेटचंही तसंच. पुढे काच असलेलं सुंदर होतं, पण हवा आत शिरणार कुठून? आम्ही जाळीचं ठरवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात यादी पुरी झाली होती. जयंतीभाई पावतीपुस्तक काढून बसला होता, आणि मी म्हटलं, “पॉवर सप्लाय जरा कमी वाटतो. वेग वाढवला की विजेची ओढ वाढणार. विचार करू.”

त्या पॉवर सप्लायला काही झालं नव्हतं. हिशेब मी घरी दोनदा केला होता, तो पुरून उरत होता. पण पावती झाली असती तर पुढच्या शनिवारी तो खोका मुलुंडला गेला असता आणि शनिवारही त्याच्याबरोबर गेले असते. मला तेवढंच दिसत होतं.

तिथून मी सुटलोच. पॉवर सप्लाय बदलला तर कॅबिनेट पुरेना, असं मी म्हटलं. कॅबिनेट बदललं तर कूलरची उंची बसेना. मग कुठेतरी वाचलं की प्रोसेसरची नवी पिढी येते आहे, थांबू या. ऑगस्टमध्ये एकदा तर मी बुधवारी एकटाच दुकानात जाऊन जयंतीभाईला सांगून आलो, शनिवारी आम्ही आलो की ते ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून सांग. त्याने काउंटर पुसता पुसता माझ्याकडे बघितलं.

“माल तर छे, काका.”

“माहीत आहे. तरी नाही म्हण.”

“छोकरीला खोटं बोलू?”

“नातीसाठीच बोलतोस,” मी म्हटलं. हे वाक्य मला तेव्हा खरं वाटलं होतं.

रत्नप्रभाला मात्र फसवता येत नाही. त्रेचाळीस वर्षांत मला ते एकदाही जमलेलं नाही. एका शनिवारी दिशा गेल्यावर ती माशांची ताटं घासत म्हणाली, “घेवन टाका ना एकदाचो तो कॉम्प्युटर. चेडवाक किती दिस फिरवतलास?”

“चांगली वस्तू घेवक वेळ लागता.”

“वस्तूक नाय लागणा. तुमका लागता.” मग तिने नळ बंद केला. “माका काय ती येवक नको? पण पोर आशेवर बसलीसा. असा आशेवर ठेवू नये कोणाक.”

मी पेपर डोळ्यांसमोर धरला. तिचं खरं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

नोव्हेंबरात माझी वाट लागली. कॉम्प्युटरच्या मेमरीचे भाव अचानक चढायला लागले. जगात कुठे कुठे मोठमोठी यंत्रं उभी राहत होती, ती सगळी मेमरी गिळत होती, असं जयंतीभाईने सांगितलं. आठवड्याला भाव बदलत होता. जुलैत जी मेमरी, म्हणजे रॅम, आम्ही सहज यादीत लिहिली होती, ती आता दुपटीच्या पुढे गेली होती.

“काका, जुलैमधी घेतलं असतं ना,” जयंतीभाई म्हणाला.

मी दिशाकडे बघितलं. मला वाटलं, आता रुसेल. लहानपणी जत्रेत एका फुग्यासाठी ही मुलगी रस्त्यात आडवी पडली होती, राजेशने खांद्यावर टाकून घरी आणली होती. पण ती म्हणाली, “जाऊ दे ना आजोबा. निम्मी मेमरी घेऊ. मला चालेल.” एवढंच. मला ते फार समजूतदार वाटलं. मी कौतुकाने रत्नप्रभालाही सांगितलं. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडला नसता.

त्या आठवड्यात माझी झोप गेली. माझ्या हट्टापायी पोरीला अर्धी वस्तू मिळणार होती. शेवटी डिसेंबरातल्या एका सोमवारी मी उठलो, आंघोळ केली आणि जयंतीभाईकडे जाऊन म्हटलं, जुलैची यादी आहे तशी भर. मेमरीही पूर्ण. तो दोन दिवसांत जोडून देतो म्हणाला. मी दुकानात बसून राहिलो, जोडताना बघितलं. पत्र्यांचा कूलर मीच दाबून बसवला. चालू करून त्याने वेग वाढवून दाखवला, तापमान ठरल्या जागी थांबलं. फार सुरेख चालत होता. बुधवारी तो खोका रिक्षात घालून मी मुलुंडला निघालो. शनिवारची वाट बघायची नाही, असं ठरवलं होतं. शनिवार आला असता तर मी पुन्हा काहीतरी खोट काढली असती.

खोका जड होता. खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी ठेवला आणि म्हटलं, वरून कोणीतरी मदतीला घेऊन येतो. पाचवा मजला. दार अक्षताने उघडलं. ती आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. मला बघून तिचा हात दारावरच राहिला.

“बाबा? सगळं ठीक ना? आई—”

“सगळं ठीक. इकडे काम होतं, म्हटलं बघून जाऊ.”

“या ना, आत या.” तिने सोफ्यावरचे कपडे पटापट उचलले. “दिशा कॉलेजात. पाणी आणू? की अजून तुमचं ते...”

समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीखाली टेबल, टेबलावर मोठा स्क्रीन आणि बाजूला काचेचं एक कॅबिनेट. आतले पंखे निळ्या प्रकाशात फिरत होते. काहीतरी डाउनलोड करायला लावून दिशा गेली असावी. मी उठून आत गेलो. कॅबिनेटमध्ये पातळ नळ्या होत्या, पाण्याचा कूलर. सवयीने मी मागच्या बाजूला हात धरला. हवा जेमतेम कोमट होती. कूलर चांगलं काम करत होता.

अक्षता दारात येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“कधी घेतला?” मी विचारलं.

“जुलैत. वाढदिवसाला. मिहिरने.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “बाबा, मी तिला तेव्हाच म्हटलं, आजोबांना सांगून टाक. ते उगाच धावपळ करतायत. तर म्हणाली, सांगितलं तर मग तिकडे जाऊन बोलायचं काय?”

बोलून गेल्यावर तिला कळलं. “म्हणजे, तसं वाईट अर्थाने नाही हां ती म्हणाली.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं.

खरंच माहीत होतं. पाच महिने मी तिला फिरवतोय म्हणून माझं मन मला खात होतं. पाच महिने तीच येत होती, सव्वा तास बसमध्ये बसून, घरात असलेल्या कॉम्प्युटरची यादी घेऊन. आमचा वेळ जावा म्हणून. ती रुसली का नाही ते आता कळलं. नातवंडं हट्ट करतात, भांडतात, कबूल केलेलं मागून घेतात. मन राखायचं असतं ते लांबच्या म्हाताऱ्या नातेवाइकांचं. आमच्या लाडक्या नातीने आम्हाला कधी त्या रांगेत नेऊन बसवलं ते आम्हाला समजलंही नाही. तिला वाईट म्हणायला जागा नव्हती, ती चांगलीच वागत होती. तेच मला सोसवत नव्हतं.

“पाणी दे,” मी अक्षताला म्हटलं.

तिने तांब्या आणि भांडं आणलं. मी उभ्यानेच प्यालो, दोन भांडी. ती बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. तिला वाटलं, मी शेवटी तिचं घर मानलं. वाटू दिलं. ते काही खोटं नव्हतं.

“मी आलो होतो ते दिशाला सांगू नकोस,” जाताना मी म्हटलं.

“तुम्ही काही घेऊन आला होता का?”

“नाही गं. हात हलवत आलो, बघतेस ना.”

खाली वॉचमनने विचारलं, कोणी नाही मदतीला? मी म्हटलं, पत्ता चुकला. त्यानेच खोका रिक्षात ठेवायला हात लावला.

घरी रत्नप्रभाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, “आपल्यासाठी येय होती तर.” मी म्हटलं, “हो.” तिने पदराने तोंड पुसलं. खोका आम्ही खाटेखाली सरकवला आणि वरून चादर खाली सोडली.

शनिवारी अकराला दिशा आली, खाटेवर मांडी घालून बसली आणि वही उघडली.

“आजोबा, मी शोधलं. आपण जुन्या पिढीचा बोर्ड घेतला ना, तर त्याला जुनी रॅम चालते. ती अजून जरा बरी आहे. ओव्हरक्लॉकिंग पण होईल. फक्त तुला कूलर परत बघायला लागेल.”

केवढी तयारी करून आली होती. कोऱ्या चेहऱ्याने मला प्रश्न विचारत होती, ज्यांची उत्तरं तिने पाच महिन्यांपूर्वी स्वतःच्या टेबलावर जोडून बघितली होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तितकंच तिच्यावर ओरडावंसंही वाटलं.

“दिशा, राहू दे,” मी म्हटलं.

“काय राहू दे?”

“कॉम्प्युटर. भाव बघ कुठे गेलेत. तुझी अकरावी आहे, क्लास आहेत. दर शनिवारी दिवस मोडतो तुझा. बारावी झाली की बघू.”

मी तिच्यावरची नजर हटवली नाही. पण तू कबूल केलं होतंस, असं ती एकदा जरी म्हणाली असती, तर मी खाली वाकून खोका ओढून काढला असता. एका घरात दोन कॉम्प्युटर झाले असते तरी चाललं असतं. पाय आपटले असते, आजीकडे तक्रार केली असती, तरी मी जिंकलो असतो.

“चालेल, आजोबा,” ती म्हणाली. “खरंच चालेल. तू नको टेन्शन घेऊस.” आणि तिचे खांदे खाली आले. सुटल्यासारखा तिचा चेहरा झाला, क्षणभरच, पण मी बघितला. अजून तिला चेहरा लपवता येत नाही.

वही मिटली. जेवण झालं. काय खाल्लंस कॉलेजात, अभ्यास काय म्हणतो. मग पंख्याचा आवाज. पाच वाजता ती उठली, दोघांच्या पाया पडली, चपला घालता घालता म्हणाली, “पुढच्या शनिवारी येते हां.”

“फोन करून ये,” मी म्हटलं. “आम्ही घरी असू, नसू.”

रत्नप्रभाने माझ्याकडे बघितलं. आम्ही कधी कुठे जातो? दिशा जरा गोंधळली, मग म्हणाली, “ओके, करते.” जिन्यात तिची पावलं भराभर उतरत गेली. खोका सोमवारी जयंतीभाईने परत नेला. काय झालं म्हणून त्याने विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

पुढच्या शनिवारी सकाळी रत्नप्रभाने बाजारातून कोलंबी आणली. दहाच्या सुमाराला फोन वाजला.

“आजोबा, घरी आहेस ना?” तिच्यामागे मुलामुलींचा हसण्याचा आवाज येत होता. कोणीतरी तिला, दिशा चल ना यार, म्हणत होतं.

“नाही गं,” मी म्हटलं. “आज आम्ही बाहेर चाललोय.”

“अरे. दोघं पण?”

“दोघं पण.”

“बरं मग. मी पुढच्या वेळी येते. आजीला सांग हां.”

“सांगतो. मजा कर.”

फोन ठेवला. रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला कोलंबीचा वास. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता मला झाडेल. ती आत गेली, सोललेली कोलंबी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली, हात धुतले. मग कपाट उघडून तिने लग्नाकार्याची जांभळी साडी काढली.

“गो, हे काय?”

“भायर जातंव म्हणान फोनार सांगितल्यात ना पोरीक? मगे चला.”

मीही इस्त्रीचा शर्ट घातला. दाराला कुलूप लावलं. खाली शेजारच्या बाई भेटल्या, कुठे निघालात नटूनथटून म्हणाल्या. रत्नप्रभा म्हणाली, “लग्नाक.”

ओळखीचं कोणी भेटणार नाही म्हणून आम्ही रिक्षाने दोन स्टॉप पलीकडच्या बागेत गेलो. सावलीचा बाक मिळाला. दुपारी भेळ खाल्ली. मुलं घसरगुंडीवर चढत होती, उतरत होती. एकदा रत्नप्रभाने विचारलं, तिका खरा वाटला असात ना? मी म्हटलं, वाटलं असेल. ऊन बाकावर आलं तसे आम्ही सरकून बसलो.

पाच वाजले तेव्हा तिने माझ्या मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि पिशवी उचलली.

“आता घराक गेलाव तरी चलात,” ती म्हणाली.